कौलावरचा लाहानू

आमच्या पाड्यात लाहानू नावाचा माणूस आहे. टीव्हीवर पूर्वी एका शिंप्याची विनोदी मालिका लागायची, ती त्याला पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाठ आहे. कोण काय बोललं, कोण कुठं आपटलं, कोणाची विजार कुठं उसवली, सगळं सांगतो. एकही भाग त्याने चुकवला नाही. आणि एकही भाग त्याने बघितलेला नाही.

हे कसं, ते सांगतो.

तीसेक वर्षांमागे मी वापीला कागदाच्या कारखान्यात होतो. तिकडून टीव्ही आणला. पाड्यातला पहिला. लाकडी खोक्याचा, पुढं सरकती दारं, चित्र काळं-पांढरं. आमचा पाडा तलासरीहून झरीकडे जाताना लागतो, गुजरातची हद्द पायी जाण्याएवढी जवळ. त्यामुळे व्हायचं काय, अँटेनाचं तोंड दक्षिणेला असलं तर मुंबई लागायची आणि वाऱ्याने जरा फिरलं की गुजरात. शिंपी हवालदाराची माफी मागायला तोंड उघडतोय, तेवढ्यात पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मुंग्यांतून एक बाई निघून म्हशीचं दूध कसं वाढवावं ते गुजरातीत सांगायला लागायची. गुजराती आमच्याकडे सगळ्यांना येतं. पण शिंप्याचं पुढं काय झालं ते त्या बाईला काय माहीत.

म्हणून कोणीतरी कौलावर बसून अँटेनाचा पाइप धरून ठेवायला पाहिजे होता. लाहानू चढला. तो डहाणूकडच्या वाड्यांत चिकू काढायला जायचा. त्याला झाड काय आणि घर काय. पहिल्या शनिवारी संध्याकाळी चढला तो मालिका संपेपर्यंत दर शनिवारी चढत राहिला. पावसात डोक्यावर इरलं घेऊन बसायचा. खाली माझ्या घरात पाड्यातली पंचवीस-तीस माणसं, वर हा एकटा. मधूनमधून वरून आवाज यायचा, "चित्र आलं का?" खालून सगळी पोरंबाळं, म्हातारीकोतारी एका सुरात, "आलं." की हा गप.

तेवढं बोलणं त्याच्या तोंडात कायमचं बसलं. आज पासष्टीच्या पुढं गेला, तरी कोणाला काही सांगितलं की शेवटी विचारतो, चित्र आलं का. गावसभेत साहेब पाण्याच्या योजनेबद्दल तासभर बोलले. बोलणं संपल्यावर मागून लाहानूने त्यांनाच विचारलं, चित्र आलं का. साहेबांना वाटलं कोणी फोटो काढतोय. ते पुन्हा टोपी नीट करून उभे राहिले.

दुसरी खोड हाताची. उभा राहिला की त्याचा उजवा हात आपोआप वर जातो आणि डोक्याच्या वर मूठ वळते. पाइप धरल्यासारखी. तलासरीला हायवेवर तो नुसता उभा असला तरी गाड्या थांबतात. एकदा अहमदाबादकडे जाणारी लांबची बस थांबली. कंडक्टर म्हणाला, चढ. हा म्हणाला, मला कुठं जायचं नाही. कंडक्टरने त्याला आईबापावरून सुनावलं. लाहानू मला म्हणाला, दादा, भला माणूस होता, न विचारता थांबला.

तिसरी गोष्ट, तो कोणाच्या घरात बसत नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, हा अंगणात किंवा ओट्याच्या कडेला. आत ये म्हटलं की म्हणतो, मी आहे इथं, तुमचं चालू द्या.

आता मालिका त्याला पाठ कशी, ते. वर बसून त्याला फक्त आवाज ऐकू यायचा. टीव्हीतला आवाज आणि आमच्या हसण्याचा आवाज. चित्र तो आपल्या मनाने लावायचा आणि लावलेलं खरं धरायचा. एका भागात शिंपी झोपेच्या भरात हवालदाराची विजार खुर्चीच्या गादीलाच शिवून टाकतो. हवालदार उठून पळतो तर खुर्ची मागे फरफटत जाते. सगळा बाजार बघतोय, खडड खडड आवाज. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी चिकूच्या वाडीत लाहानूने तो भाग बायांना सांगितला. त्याच्या सांगण्यात हवालदार रेड्यावर बसून आला होता. खडड खडड म्हणजे रेड्याच्या गळ्यातलं लोढणं. रेडा शिंप्याच्या दुकानात घुसतो, नवं कापड खातो, आणि हवालदार वरून रेड्यालाच दंड सांगतो.

मी त्याला झापलं. म्हटलं, रेडा नव्हताच. तो शांतपणे म्हणाला, तुमच्या टीव्हीत दिसला नसेल, दादा, काळा होता ना.

आज पाड्यात कोणालाही विचारा. निम्मी माणसं सांगतील रेडा होता. मला स्वतःला कधीकधी खुर्ची आठवत नाही, रेडाच आठवतो.

पाइप पक्का करायला मी वापीहून लोखंडी पट्टा आणि नटबोल्ट आणला होता. आठवड्यात हरवला. दुसरा आणला, तोही गेला. मी बायकोवर ओरडलो की घरात वस्तू जाग्यावर राहत नाही.

बायकोचं सांगायला पाहिजे. तिचं नाव जमना. दोन वर्षांमागे पाऊस संपता संपता गेली. ताप काय आला आणि चार दिवसांत काय झालं, मला अजून कळलेलं नाही. मी तोंडाचा फटकळ माणूस. चौथीपर्यंत शिकलो, कारखान्यात राबलो, घरी आलो की जेवण वेळेवर पाहिजे असायचं. मारलं नाही कधी. पण गोड बोललो असंही नाही. ती फार बोलायची नाही. आणि हसायची नाही. शनिवारी सगळं घर हसत असायचं आणि मी मागं वळून बघावं तर ती चुलीच्या खोलीच्या दाराशी, चौकटीला टेकलेली, तोंड कोरडं. नाहीतर भांडं उचलून आत चाललेली. मी मनात म्हणायचो, हिला विनोद कळत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा मी ठरवलं, लाहानूला आज खाली बसवायचं. इतके दिवस वर बसला, शेवट तरी बघू दे. पाइप तारेने आवळून बांधला आणि त्याला हाताला धरून आत आणलं. माझ्या शेजारी बसवलं, टीव्हीच्या अगदी समोर. पाचएक मिनिटं बसला. घाम फुटला त्याला. टीव्हीकडे बघेचना. मान वळवून मागं बघायचा, इकडे तिकडे माणसांकडे बघायचा. मग म्हणाला, दादा, वारा सुटलाय. बाहेर पान हलत नव्हतं. गेला तो गेला, आणि लगेच मुंग्या आल्या. वरून आवाज, "चित्र आलं का?" तारही त्यानेच सोडली होती, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पुढं घरोघरी टीव्ही झाले. मग थाळीसारख्या छत्र्या आल्या. माझा टीव्ही बंद पडला तरी जमनाने तो फळीवरून काढू दिला नाही. दर आठवड्याला पुसायची. मी म्हणायचो, भंगारात दे. ती म्हणायची, राहू द्या.

ती गेल्यावर तेराव्याला मुलगी गंजाडहून आली होती. तिला तिकडे शेतकऱ्याच्या घरात दिली आहे. ताटं उचलताना ती बोलून गेली. म्हणाली, "बाबा, आई या घरात कधी हसली नाय. तुमच्या धाकाने."

मी आठवायला बसलो, आणि दोन वर्षं तेच करतोय. बाई माझ्यापाशी चाळीस वर्षं राहिली. लग्नातलं तोंड आठवतं, रडून सुजलेलं. मुलगी झाली तेव्हाचं आठवतं. शेवटचं आठवतं. हसतानाचं एकही आठवत नाही. घरात तिचा एकच फोटो, रेशनकार्डासाठी काढलेला. त्यात कोण हसतो. एवढंच समजून घ्यायचं होतं मला, की ही बाई माझ्या घरात सुखात होती की नुसती होती. विचारणार कोणाला.

मग गेल्या नोव्हेंबरपासून इकडे जमीन हलायला लागली. आधी वाटलं कुठं सुरुंग लावलाय. मग रोजचंच झालं. भांडी वाजायची, कौलं सरकायची. भिंतींना भेगा गेल्या. सरकारी माणसं आली, म्हणाली घरात झोपू नका. शेतात तंबू लागले. थंडीचे दिवस, पोरं, म्हातारी, सगळी उघड्यावर. मी घर सोडत नव्हतो. म्हटलं, पडलं तर पडलं. लाहानू रोज येऊन ओट्याशी उभा राहायचा, हात वर करून. म्हणायचा, दादा, तंबूत चला, मग मी पण जातो. तुमी नाय तर मी पण नाय. शेवटी कंटाळून गेलो.

तंबूत संध्याकाळी सगळी घाबरून गप बसलेली असायची. लाहानू तंबूच्या बाहेर उभा, बांबू धरून. जमीन हलली की इतर बाहेर पळायचे, हा बांबू आणखी घट्ट आवळायचा. कोणीतरी म्हणालं, अरे वारा नाय, खालून हलतंय, बांबू धरून काय होणार. तो म्हणाला, धरून बसलं की हलत नाय, माझा अनुभव आहे. आणि मग बाहेरूनच शिंपी सांगायला लागायचा. रेड्याचा भाग तर रोज. ज्यांनी मालिका बघितली नव्हती, जी जन्मलीही नव्हती, तीही हसायची. मला हसू यायचं नाही. मी त्या बाजूला पाठ करून पडायचो.

फेब्रुवारीत एक दिवस सकाळीच मोठा धक्का बसला. घरी येऊन बघितलं तर टीव्हीच्या वरची दोन-तीन कौलं सरकून खाली आलेली. सत्तरीच्या माणसाने कौलावर चढू नये. मी शिडी लावली आणि चढलो. दर वर्षी पावसाआधी कौलं चाळायचं काम लाहानू करायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी तो बाजाराला गेला होता.

अँटेनाचा पाइप जिथं बांधलेला असायचा, त्याच्या बुडाशी एक कौल मला वेगळं दिसलं. त्याच्याखाली लाकडाची पाचर होती, झिजून गुळगुळीत झालेली. पाचर काढली की कौल वर सरकायचं. आत हात घातला तर कौलाखालच्या लाकडी रिपेवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. सोडलं. गंजलेले दोन लोखंडी पट्टे, नटबोल्टासकट.

मी त्या भोकाला डोळा लावला. टीव्हीची पाठ दिसली. वायर आखूड होती म्हणून पाइप टीव्हीच्या बरोब्बर मागे बांधलेला, त्यामुळे पडद्याचा इंचही दिसत नव्हता. टीव्हीच्या पुढं बसायची सगळी जागा दिसत होती. आणि नाकासमोर, चुलीच्या खोलीची चौकट. जमनाची जागा.

माणूस म्हातारा होतो, शंका म्हातारी होत नाही. मी खाली उतरलो. पट्टे आणि पाचर घेऊन ओट्यावर बसलो. लाहानू सुकी मासळी घेऊन आला. माझ्या हातातली पाचर बघितली आणि जिथं होता तिथंच उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा हात वर गेला नाही.

मी सरळ विचारलं. "तिथनं माझ्या बायकोला बघत होतास?"

तो म्हणाला, "होय."

मग म्हणाला, "सगळ्यांनाच बघत होतो, दादा. तुमी टीव्ही बघायचे, मी तुमाला बघायचो."

त्याची बायको लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. हे मला माहीत होतं, पाड्यात सगळ्यांनाच माहीत होतं. तेव्हापासून तो भावाच्या ओट्यावर राहतो. त्याबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला एवढंच, की माणसं घरात एका जागी बसून हसतात ती कशी दिसतात ते त्याला बघायचं होतं. खाली बसलो असतो तर मी पण एक बघणारा, असं म्हणाला. वरून सगळी दिसायची. आणि पाइप पक्का झाला असता तर त्याला वर कोणी बोलावलं असतं? म्हणून पट्टे.

मग तो सांगायला लागला. कोण कसं हसायचं. त्याचा भाऊ हसताना शेजाऱ्याच्या मांडीवर थापटी मारायचा, म्हणून त्याच्या शेजारी कोणी बसायचं नाही. दात नसलेली एक म्हातारी हसण्याआधी तोंडावर हात ठेवायची. मेलेली माणसं होती त्यांतली कितीतरी. मालिकेच्या भागांसारखीच त्याला ती सगळी पाठ होती. मी ऐकत होतो, पण मला एकच पाहिजे होतं आणि ते विचारायला जीभ उचलत नव्हती.

शेवटी म्हटलं, "जमना हसायची नाही."

लाहानूने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पुन्हा रेडा नव्हता म्हणतोय.

"वहिनी? वहिनीएवढं कोणी हसायचं नाय," तो म्हणाला. "पण ती टीव्हीला हसायची नाय, दादा. तुमाला हसायची."

मला काही समजेना.

तेव्हा त्याने सांगितलं. मालिका हिंदीत. मी वापीला राहिलेला, मला हिंदी येतं असं मी सगळ्यांना सांगितलेलं. पण मला ते पटकन लागायचं नाही. विनोद व्हायचा, सगळं घर हसून गप व्हायचं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडायचा. हे कोणाला कळत नाही असं मला वाटायचं. लाहानू म्हणाला, आधी तुमचे कान हलायचे, मग खांदे, मग तुमी हसायचे, एकटेच, मोठ्याने. वहिनी टीव्हीकडे बघायचीच नाय. सगळे हसले की ती तुमच्या मानेकडे बघत थांबायची. कान हलले की पदर तोंडात. डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या, चौकट धरून बसायची. आणि तुमी मागं वळले की भांडं उचलून आत.

"वर मला ठाऊक असायचं," तो म्हणाला, "आता दादाचा आवाज येणार, आणि वहिनी गेली कामातून. मी पण थांबून राहायचो."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही कधी, तिने किंवा तू.

"राग आला असता तुमाला."

"आला असता," मी म्हटलं.

एक बारीक धक्का येऊन गेला, चुलीपाशी ताट वाजलं. दोघंही उठलो नाही.

मुलगी पुढच्या आठवड्यात येणार आहे. तिला हे सांगायचं आहे. मी सांगितलं तर पटणार नाही, बापाने सोयीचं रचलं म्हणेल. लाहानूनेच सांगायला पाहिजे. कौलं काढून पत्रे घाला म्हणून ती मागे लागली आहे, भूकंपात कौल डोक्यात पडतं. बरोबर आहे तिचं. घालीन पत्रे. ती पाचर मात्र मी टीव्हीवर ठेवली आहे, रेशनकार्डाच्या फोटोपाशी.

त्या दिवशी दुपारी मी लाहानूला म्हटलं, आत ये. तो म्हणाला, मी आहे इथं. मी म्हटलं, मेल्या, घर पडलं तर दोघांवर पडेल, ये. तेव्हा आला. समोर बसायला सांगितलं तर बसेना. टीव्हीच्या फळीखाली, टीव्हीला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून बसला. त्याला तीच जागा कळते. मी माझ्या जुन्या जागेवर बसलो. चौकट माझ्या मागे होती.

मी म्हटलं, सांग रेड्याचं.

त्याने सांगितलं. खडड खडड केलं, रेड्याने कापड खाल्लं, हवालदाराने दंड सांगितला. सांगून झाल्यावर तो गप बसला आणि माझ्या कानांकडे बघायला लागला. मग माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडे. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "चित्र आलं का?"

मी मागं वळलो नाही. वळलो की ती भांडं उचलून जाते.

"थांब," मी म्हटलं. "मला उशिरा येतं."